शकुबाईची टोपली

माझा साडू पुण्याचा. माणूस वाईट नाही, पण त्याला सगळं 'अस्सल' लागतं. आर्णीच्या अलीकडे इंग्रजांच्या काळचा एक डाकबंगला आहे. एका ठेकेदाराने तो चालवायला घेतला, भिंतींना रंग फासला आणि मुक्काम-नाश्त्याचा धंदा मांडला. साडूने शनिवार-रविवारसाठी तिथल्या दोन खोल्या धरल्या आणि मला दिग्रसहून बोलावून घेतलं. मी मास्तर माणूस, म्हणालो, चला.

दोन हजार सतराचा ऑक्टोबर होता तो. कापूस डोक्याच्या वर गेला होता आणि त्यावर कीटकनाशक फवारणारे मजूर त्याच विषाने दवाखान्यात भरती होत होते. हे सगळं पेपरात येत होतं. साडूने वाचलं नसेल असं नाही.

बंगल्यावर स्वयंपाकाला शकुबाई. बंगला सरकारी होता तेव्हापासून, सव्वीस वर्षं. कापसाची नासाडी पाहायला आलेले कितीतरी साहेब तिने जेवू घातले. तिखट कोणाला सोसत नाही हे तिला तोंडाकडे पाहूनच कळायचं. साहेब बोटं चाटत, गाडीत बसत आणि जात. एकानेही तिचं नाव विचारलं नाही. बंगला ठेकेदाराकडे गेला तेव्हा खुर्च्या-टेबलांसोबत तीही गेली.

रविवारी सकाळी व्हरांड्यात बसलो होतो. साडूने पाव-ऑम्लेट पाहून नाक मुरडलं. ''इतक्या लांब येऊन हेच खायचं? चुलीवरची भाकर नाही का?'' ठेकेदाराचा भाचा पिंटू तिथला मॅनेजर. तो मागच्या अंगाला, शकुबाईच्या खोलीकडे गेला आणि पाच मिनिटांत फडक्याने झाकलेली टोपली घेऊन आला. ज्वारीच्या गरम भाकरी, लसणाचं बेसन. साडूने आधी फोटो काढले, मग हात मारला. खोटं कशाला बोलू, दोन भाकरी मीही खाल्ल्या.

तेवढ्यात शकुबाई आली. ओले केस, हातात तांब्या.

''माही टोपली कोनं उचलली?''

''पाहुण्यायनं मागितली, बाई. तुम्ही दुसऱ्या थापा,'' पिंटू हसत म्हणाला.

''अरे, थे मयताच्या घरची भाकर होती!''

आमचे घास तोंडातच राहिले. तिच्या शेजारचा गोविंदा, रोजाने फवारणीला जाणारा, आदल्या दिवशी यवतमाळच्या दवाखान्यात दगावला. संध्याकाळी त्याला अग्नी दिला. मयताच्या घरी चूल पेटत नाही; शेजारीण भाकर नेते, तेव्हा घरच्यांच्या तोंडात घास पडतो. गोविंदाची बायको नलू आणि तिच्या दोन पोरी काल दुपारपासून उपाशी होत्या. शकुबाई घरच्या पिठाच्या भाकरी थापून, ओट्यावर ठेवून, अंघोळीला गेली होती.

''पहिले त्या पलीकडच्या खोलीतल्या बाकी पाहुण्यायचा नाश्ता करा, मग तुमचं पाहा,'' पिंटू म्हणाला. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण भाकरी पोटात घेऊन मी कोणत्या तोंडाने बोलणार?

शकुबाई सरळ आत गेली. तिने बंगल्याच्या स्वयंपाकघरातला गॅस बंद केला आणि दाराला कडी घातली. ''शेजारी मयत हाये. आज इथली बी चूल बंद. सांग तुह्या मामाले.''

''नोकरी जाईल, बाई!''

''जाऊ दे.''

मग ती आमच्याकडे वळली. ''तुमी त्या घरची भाकर खाल्ली. आता तुमी त्या घरचे झाले. खांदा त देता आला नाही, टोपली तरी उचला.''

मागे आपल्या खोलीत तिने पुन्हा घरचं पीठ मळलं, स्वतःची चूल पेटवली. साडूला एकाएकी पुण्याची वाट लांब असल्याचं आठवलं. ''आम्हाला काय माहीत होतं?'' म्हणत त्याने बॅगा गाडीत टाकल्या. माहीत नव्हतं, खरं आहे. पण आता माहीत झालं होतं ना! मला चीड आली, त्याची आणि त्याहून जास्त माझी. मी टोपली उचलली.

गोविंदाच्या घरात नलू भिंतीला टेकून बसली होती. पोरी टोपलीकडे धावल्या. शकुबाईने त्यांच्या हातावर भाकर ठेवली आणि नलूला घास भरवू लागली. नलूने तो तोंडाशीच थांबवला. तिची नजर दारात उभ्या असलेल्या माझ्याकडे गेली.

''हे पाहुने जेवले का वं, शकुबाई?''

शकुबाईने माझ्याकडे पाहिलंही नाही.

''जेवले. पोटभर जेवले. तू खाय.''