सोमवारचं वांगं

या सदरातले अनुभव मी आजवर हसण्यासाठी वाचत आलो. पिंपळ, पांढरी साडी, मधेच बंद पडलेली गाडी... चालू द्या म्हणायचो. आमच्या दारावरचं लिंबू-मिरची मीच काढून फेकलं होतं, त्यावरून बायकोने दोन दिवस अबोला धरला होता. मी अकोल्याला एका खासगी कॉलेजात कॉम्प्युटर लॅब सांभाळतो. मशीन बिघडलं की त्याला कारण असतंच आणि शोधलं की ते सापडतंच, यावरच माझं पोट आहे. तरीही हे लिहितोय.

दिल्या म्हणजे दिलीप, माझा अमरावतीच्या होस्टेलमधला मित्र. दर्यापूरकडच्या खेड्यातला, घरी भाजीचा मळा. कॉलेजात आम्हा दोघांना एका गेमचं वेड लागलं होतं. त्यात चित्र नाही, आवाज नाही, नुसती अक्षरं. 'तू जुन्या विहिरीपाशी उभा आहेस. उत्तरेला वाट आहे.' आपण 'उत्तर' असं टाइप करायचं आणि पुढे जायचं. कुठकुठल्या देशांतली माणसं तिथे भेटतात. पुढे लग्नं झाली, तो मळ्यात परतला, मी अकोल्यात अडकलो. लढाया, खजिने सगळं सुटलं. पण रोज दुपारी एकच्या सुमारास आम्ही त्या विहिरीपाशी यायचो आणि इंग्रजी अक्षरांत वऱ्हाडी लिहायचो. फोनवर आम्ही दोघंही मुके. तिथे मात्र तोंड सुटायचं. पहिली ओळ कायम त्याची — "जेवला काय बे?" आपल्याकडे माणूस भेटला की आधी हेच विचारतात.

मग मला कंटाळा आला. दुसरा शब्द शोधत बसत नाही. तेच मळ्याचं पाणी, तीच लाइट, तोच मोटारपंप. पण 'येत नाही' म्हणायची हिंमत नव्हती. म्हणून मी ट्रिगर लिहिला. गेमच्या सॉफ्टवेअरला सांगून ठेवता येतं की पडद्यावर अमुक ओळ आली की आपोआप तमुक ओळ पाठव. 'जेवला काय' दिसलं की उत्तर जायचं. रोज एकच उत्तर गेलं तर दिल्या पकडेल, म्हणून मी वाराप्रमाणे सात भाज्या भरल्या. सोमवारी "वांग्याची भाजी होती. तू?", मंगळवारी मुगाची डाळ, बुधवारी बेसन, असं. आणि तो दुसरं काहीही बोलला तर "बरं बरं. जप. उद्या बोलू." दहा मिनिटांचं काम. फार हुशारी वाटली होती मला.

माझं घर कॉलेजला लागूनच आहे. एकला मी घरी जेवायला यायचो. आतल्या खोलीत कॉम्प्युटर दिल्याशी बोलायचा आणि मी स्वयंपाकघरात पोळी मोडायचो. असं दहा महिने चाललं.

एका शनिवारी दिल्याच्या बायकोचा फोन आला.

"भाऊजी, तेरवीले बी आले नाही तुमी?"

मला काही कळेना. मग कळलं. अन्ननलिकेचा कॅन्सर. जाऊन महिना होत आला होता.

"मले कोणी सांगितलंच नाही, वहिनी."

"कावून सांगाव लागते? रोज बोलत होते ना तुमच्याशी. हॉस्पिटलात बी एक वाजला की मोबाइल मागत. मले वाटलं, सगळ्यात आधी तुमालेच माईत असन." मग त्या म्हणाल्या, "शेवटी काय बोलले ते तुमच्याशी? मले सांगान काय?"

मी म्हटलं, पाहून सांगतो. पाहून! त्या काय समजल्या असतील कोण जाणे.

गेममधली प्रत्येक ओळ कॉम्प्युटर फाइलमध्ये साठवून ठेवतो. रविवारी मी ती फाइल पहिल्यांदा उघडली.

"जेवला काय बे?"

"मुगाची डाळ होती. तू?"

"नाही ना. घास खाली उतरूनच नाही राहिला."

"बरं बरं. जप. उद्या बोलू."

पुढे — "नाकातून नळी टाकली. पेजच चालू हाय." बरं बरं. जप. उद्या बोलू. आणखी पुढे — "संज्या, मले लय भेव लागून राहिला बे." बरं बरं. जप. उद्या बोलू.

पाणी गिळता येत नाही अशा माणसाला मी रोज भाजीचं नाव कळवत होतो.

सहाव्या महिन्यात एका सोमवारी त्याने आधीच लिहिलं होतं, "आज वांगं असन तुयं." मग विचारलं, जेवला काय. उत्तर गेलं, वांग्याची भाजी होती. तू? दिल्याने लिहिलं, "मले माईतच होतं. चाल, मी बी वांगंच खाल्लं समज."

म्हणजे त्याला कळलं होतं. एक शिवी नाही, एक टोमणा नाही. आणि तरी त्यानंतर चार महिने तो रोज येत राहिला. शेवटची ओळ एका शुक्रवारची होती — "उद्याचं काही सांगता येत नाही. तू जेवत जाजो." त्यावर माझं, बरं बरं. जप. उद्या बोलू. हे मी वहिनींना कोणत्या तोंडाने सांगू?

आता तो प्रकार. सोमवारी दुपारी मी त्या फाइलसमोरच बसलो होतो. एक वाजून दहा मिनिटांनी पडद्यावर माझ्या नावाने ओळ सरकली, "वांग्याची भाजी होती. तू?" वर कोणाचीच ओळ नव्हती. दिल्याचं पात्र महिनाभर गेममध्ये आलेलंच नव्हतं.

मी स्वतःला सांगितलं, ट्रिगर चुकून सुटला. दोन्ही ट्रिगर बंद केले. मंगळवारी त्याच वेळी मुगाची डाळ गेली. मग ट्रिगर पुसूनच टाकले. टायमर तपासले, एकही नव्हता. बुधवारी सॉफ्टवेअर काढून लॅबच्या दुसऱ्या मशीनवर नव्याने टाकलं, कोरं, एकही स्क्रिप्ट नाही. एक दहाला बेसन गेलं. गेम चालवणाऱ्या परदेशातल्या गृहस्थांना लिहिलं. ते म्हणाले, ओळ तुमच्याच कॉम्प्युटरवरून आली, आणि तुम्हाला कोणी काही पाठवलेलं नाही.

गुरुवारी घरी न जाता लॅबमध्येच डबा नेला होता, पण तो उघडलाच नाही. घशाखाली काही उतरत नव्हतं, म्हणून नुसताच मशीनसमोर बसून राहिलो. हात मांडीवर ठेवले होते, कीबोर्डला लावले नव्हते, हे मी शपथेवर सांगतो. एक वाजून दहा मिनिटं झाली.

"आज नाही जेवलो. तू?"

हे वाक्य मी कधीच लिहिलं नव्हतं. दोन्ही मशीनवरच्या, जुन्या-नव्या सगळ्या फाइली मी शोधून काढल्या. ते कुठेही नाही. त्या दिवशी मी जेवलो नव्हतो हे बायकोलाही माहीत नव्हतं.

कोणी म्हणेल, एखादा बग असेल. असेल. मीही इतरांना तेच सांगत आलो. मला तो सापडलेला नाही, आणि खरं सांगायचं तर शुक्रवारपासून मी शोधणं सोडलं.

शुक्रवारी एक वाजता मी स्वतः त्या विहिरीपाशी गेलो आणि माझ्या हाताने टाइप केलं, "दिल्या, अर्धी पोळी खाल्ली. तू?" त्यानंतर आपोआप एकही ओळ गेलेली नाही. कारण मला माहीत नाही. वहिनींना अजून फोन केलेला नाही.

रोज जातो. काय खाल्लं ते खरं खरं लिहितो आणि 'तू?' विचारून सुट्टी संपेपर्यंत पडद्याकडे बघत बसतो. त्याला निदान 'बरं बरं' तरी मिळत होतं. मला तेवढंही मिळत नाही.