सासऱ्यांचं पथ्य घेऊन अकोल्याला

लोक हिमालयात जाऊन येतात आणि प्रवासवर्णन लिहितात. मी अमरावतीहून अकोल्याला जाऊन आलो. बडनेऱ्याला डोळा लागला तर मूर्तिजापूर कधी गेलं ते कळत नाही, इतकाच हा प्रवास. सामान मात्र मोहिमेचं होतं: ज्वारीच्या लाह्या, जवसाची बिनमिठाची चटणी आणि काखेत गुंडाळलेली योगाची चटई.

मामाजींच्या (म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या) दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. ऑपरेशनसाठी त्यांना दोनदा हिरवा झगा चढवला आणि दोनदा बीपी पाहून झगा काढून घेत घरी पाठवलं. पेपर आता मामी (माझ्या सासूबाई) वाचून दाखवत, आणि स्वतःला न पटलेल्या बातम्या गाळत. मी गेल्या वर्षी योगाचं शिबिर केलं, गोळी आणि पथ्य सांभाळून माझं बीपी ताळ्यावर आणलं, आणि ही बातमी एकेका नातेवाइकाला फोन करून कळवली. त्याची शिक्षा म्हणून बायकोनं, सुनंदानं, मला बसस्टँडवर आणून सोडलं.

"बाबाचं बीपी उतरल्याबिगर येऊ नका," ती म्हणाली, आणि बस सुटायच्या आतच निघून गेली.

बसमध्ये शेजारी एक गृहस्थ शेव खात होते. पुडा त्यांनी माझ्यापुढे धरला.

"काहून जाता अकोल्याले?"

"सासऱ्यांचं बीपी उतरवायला."

"डाक्टर आहा?"

"नाही, जवाई."

ते हसले नाहीत. त्यांनी शेवेचा पुडा माझ्यापुढून गुंडाळून पिशवीत टाकला. "मंग राहू द्या. तिथं पोटात जागा लागन."

अकोल्यात घराच्या फाटकापाशीच तळणाचा वास आला. ताटात सांबारवडी (कोथिंबिरीला आमच्याकडे सांबार म्हणतात), वडाभात, पापड, दोन लोणची. मी लाह्यांची पिशवी मामींपुढे ठेवून पथ्याचं प्रवचन सुरू केलं.

"ते पथ्य यांचं आहे न बापू," मामी म्हणाल्या, "तुमचं थोडीच."

"मामी, बीपी मलाही आहे."

"ते अमरावतीले. इथं तुमी पाव्हणे."

मामाजी तोवर माझ्या बाजूला पाट ओढून बसले होते. "जवाई एकटा जेवन तर बरं दिसते काय?"

मी मीठ मोजायचा प्रयत्न केला. वडीत सैंधव होतं, म्हणजे उपासाचं, म्हणजे मोजायचं नाही. पापडात मीठ नसतं, पापडखार असतो. लोणचं तर लिंबाचं. मामींच्या या हिशोबानं त्या घरात मीठ नावाची वस्तू फक्त वरणात पडत होती, आणि तिथं मामी ती खरोखरच चिमूटभर टाकत होत्या.

सकाळी गच्चीवर योग. मामाजींनी उजवी नाकपुडी दाबली, डावीनं लांब श्वास घेतला आणि तिथंच थांबले.

"सोडा," मी म्हणालो.

"थांबा न. खाली ही वांगे भाजून राह्यली."

मग त्यांनी शीर्षासनाची इच्छा सांगितली. उलटं उभं राहिलं तर मोतीबिंदू आपसूक खाली येईल असा त्यांचा कयास. बीपीवाल्यानं ते करायचं नसतं हे समजावताना मी इतका चिडलो की मलाच शवासनाची गरज पडली. ते मला उत्तम जमतं. डोळे उघडले तेव्हा चटईवर मी एकटाच होतो आणि खालून आलूबोंडा-रश्श्याचा वास येत होता.

आठवडा असा गेला. मग मामाजींनी बार्शीटाकळीजवळच्या शेतात रोडगे (कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले) करायचं ठरवलं. "जवाई आले अन् रोडगे नाई, लोक काय म्हनतीन?"

तुरी सोंगून झाल्या होत्या. काळ्या रानात नुसती धसकटं, पलीकडे घाटे धरलेला हरभरा. मामी विहिरीवर गेल्या तसे मामाजी माझ्या जवळ सरकले.

"एक सांगू काय बापू? तुमाले इकडे धाडाचं सुनंदाले मीच सांगतलं. ही मले कोरडी भाकर देते. तुमी आले की कढई चढते."

त्यांनी खुशीत रोडगा उचलायला हात पुढे केला, आणि तो सरळ निखाऱ्यावर चालला. मी मनगट धरलं.

"मामाजी, तो विस्तव आहे."

"असं काय," ते म्हणाले. हात मागे घेऊन म्हणाले, "मले दोन्ही सारकेच दिसले."

त्यानंतर रोडगा त्यांनी अर्धाच खाल्ला. मी दोन खाल्ले. जवायाला एकावर उठता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बीपी आधीपेक्षा जास्त निघालं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात काही कार्यक्रम आहे का.

"कार्यक्रम कायचा बाई," मामी म्हणाल्या. "जवाई आले."

बाईंनी माझ्याकडे मलेरियाच्या साथीत साचलेल्या डबक्याकडे पाहावं तसं पाहिलं. गोळी रोज, मीठ खरोखर कमी, सकाळचं चालणं आणि प्राणायाम, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा पाहू, असं त्या मामाजींना सांगत होत्या. नजर माझ्यावरच होती.

जवायाला जा म्हणायची रीत वऱ्हाडात नाही. जवायानं मागितलं तर नाही म्हणायचीही नाही. हे दुसरं कलम मला घरी येताना रिक्षात आठवलं.

"मी उद्या निघतो, मामी. आणि सुनंदाला पापड पाहिजेत."

मामींचा चेहरा फुलला. "किती देऊ?"

"सगळे. कुरड्या, सांडगे, लोणचीही. बरण्यांसकट."

त्या फडताळ रिकामं करत होत्या आणि मामाजी खाटेवरून आवाजावरून बरण्या मोजत होते. शेवटची निघाली तेव्हा ते अगदी हळू म्हणाले, "एक तरी राहू द्या, बापू."

"सुनंदाला फार आवडतं हो," मी म्हणालो. सुनंदा लोणच्याला हात लावत नाही, हे तिच्या बापाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक.

अमरावतीला कंडक्टरनं पोतं उतरवून दिलं. सुनंदानं विचारलं, "उतरलं काय बीपी?" मी म्हणालो, "नाही, पण मी उतरलो."

पुढच्या महिन्यात बीपी उतरलं आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर मामाजींचा फोन आला. पेपर स्वतः वाचला, मामींनी काय काय गाळलं होतं ते कळलं, आता घरात बोलणं बंद आहे. मग आवाज खाली आला.

"दुसरा डोळा राह्यला, बापू. तो झाल्याबिगर तुमी इकडे येऊ नका."

मी गेलेलो नाही. आमच्या घराण्यात इतक्या निष्ठेनं पथ्य आजवर कुणी पाळलेलं नाही.