दोराचं कोरडं टोक

वाटूरच्या रखमाजींना सगळे उस्ताद म्हणत. कुस्तीशी त्यांचा काही संबंध नव्हता; ते पोहायला शिकवत. शिकणाऱ्याच्या पाठीला दोन वाळलेले भोपळे, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक उस्तादांच्या मुठीत. शिकणारा खाली विहिरीत, उस्ताद वर काठावर. "हात मार! पाय झाड! तोंड मिट, पाणी फुकट हाय म्हून पितो का?" तीस वर्षांत त्या दोराला लागून दीड गाव पोहायला शिकलं. उस्ताद स्वतः पाण्यात का उतरत नाहीत, असं कुणी विचारलं नाही. ते उतरले तर दोर कोण धरणार?

१९७४ साली त्यांनी चौपन्न ओलांडली आणि थोरल्या वसंतानं नांगर हाती घेतला. "आबा, तुमी आता निवांत बसा," तो म्हणाला. रखमाजी बसले. सकाळी ओट्यावर, दुपारी लिंबाखाली, संध्याकाळी परत ओट्यावर. चौथ्या दिवशी त्यांनी शेळीला 'काय म्हन्ती तब्येत' असं विचारलं, तेव्हा साळूबाईंनी ज्वारी पाखडणं थांबवलं.

"अवो, इहिरीवर जाऊन पोहा जरा. आंग मोकळं होईल."

"पोहायचं वय राह्यलं का माझं?"

"वयाचं ऱ्हाऊ द्या. तुमाला येतं कुठं?"

रखमाजींनी आधी दाराकडं पाहिलं, मग शेळीकडं. "कोन म्हन्लं?"

"तीस सालं तुमचं धोतर धुऊन राह्यले. इहिरीवरून एक दिवस तरी वल्लं आलं का?"

खरं होतं. चोविसाव्या वर्षी कुणाचं तरी बुडणारं पोर त्यांनी दोर टाकून ओढून काढलं होतं. त्याच दिवशी गावानं त्यांना उस्ताद करून टाकलं आणि मग उस्तादाला शिकवायला कोण येणार? रोज पायाखाली बारा हातांवर ते हिरवं पाणी हलायचं. त्यात आभाळ असायचं, कडुलिंब असायचा, वाकलेले रखमाजीसुद्धा असायचे. त्यातलं एकही कधी भिजत नसे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते विहिरीवर गेले. त्यांचे जुने शिष्य, शाळेतले तातेराव मास्तर, पोहून अंग पुसत होते.

"तातेराव, दोर धर. आज मी उतरून राह्यलो."

बातमी एवढी मोठी होती की रस्त्यावरची दहा-बारा माणसं काठावर जमली. रखमाजींनी दोन नाही, तीन भोपळे बांधले. पायऱ्या रुबाबात उतरले. शेवटच्या पायरीवर शेवाळ होतं. त्यावरून मात्र ते रुबाबात उतरले नाहीत.

पाण्यात त्यांचे हात एकीकडं, पाय दुसरीकडं आणि भोपळे तिसरीकडं निघाले.

"बघा रे, नवशिक्याची नक्कल!" वरून म्हातारे कडूबा ओरडले. "तोंड बी कसं बराबर वाकडं केलंय!"

"उस्ताद, अजून घाबरा!"

रखमाजी अजून घाबरले. टाळ्या पडल्या. तातेरावांनीही वाजवल्या; त्यासाठी त्यांनी दोर सोडला.

भोपळ्यांच्या कृपेनं रखमाजींच्या हाताला पायरी लागली. ते धापा टाकत तिला बिलगले.

"वा उस्ताद! बिलकुल खरं वाटलं!"

तेवढ्यावर वर आले असते तर उस्तादकी जन्मभर शाबूत होती. मात्र उद्यापासून परत काठ, परत ओटा, परत शेळी. गळ्यापर्यंतचं पाणी गार होतं आणि त्यांना आवडलं होतं.

"नक्कल न्हाई रे मुडद्यांनो," ते म्हणाले. "बुडून राह्यल्तो. मला पोहता येत न्हाई. कधीच येत नव्हतं."

कडूबांची विडी विझली. तातेराव हळूच म्हणाले, "मंग आमाला कोणी शिकवलं?"

"तेच मला बी कळंना."

आधी कडूबा हसले, मग सगळी विहीर हसली. तातेरावांनी खाली उतरून पाण्यातला दोर उचलला आणि या वेळी मनगटाला दोन वेढे दिले.

पुढचे अकरा दिवस रखमाजी बरंच पाणी प्यायले. एकेक भोपळा कमी झाला. बाराव्या दिवशी ते दोराविना समोरच्या भिंतीपर्यंत गेले आणि तिथं बाहेर आलेल्या दगडावर बसले. तिकडं पायऱ्या नव्हत्या. परत यावं लागेल हे त्यांच्या तेव्हा लक्षात आलं. सराव सगळा जायचाच झाला होता; येताना दोर ओढून आणायचा.

"दोर टाकू का?" तातेरावांनी विचारलं.

"न्हाई."

सूर्य डोक्यावर आला. मंडळी जेवायला गेली. साळूबाई भाकरी घेऊन आल्या आणि पायऱ्या उतरल्या.

"येता का?"

"दमानं येतो. जल्दी काय हाय?"

साळूबाईंनी भाकरी-ठेचा घमेल्यात ठेवला आणि घमेलं पाण्यावर ढकललं. ते गिरक्या घेत पलीकडं पोचलं. रखमाजी पोटभर जेवले, रिकामं घमेलं पुढं ढकलून त्यांनी पाण्यावर छाती टाकली. अर्ध्यात आल्यावर घमेलं कोपऱ्याकडं सरकू लागलं.

"अवो, घमेलं चाललं!"

पायऱ्या सात हातांवर होत्या. रखमाजी घमेल्यामागं वळले. वळायचं त्यांना अजून कुणी शिकवलं नव्हतं.