डिझेलची डावी बाजू

गाडी दुरुस्त करायचा हट्ट माझा होता, हे आधीच सांगून टाकते. दादांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तीनदा "राहू दे" म्हटलं होतं. पण मी शाळेत शिकवते, आणि मास्तरीण बाईला कुणी "राहू दे" म्हटलं की ती ते काम करूनच सोडते.

गाडी म्हणजे फुगीर बॉनेटची, गोल पाठीची, सरकारी साहेब लोकांकडे असायची तसली. आमची डिझेलवर चालायची, म्हणून घरात तिचं नावच डिझेल. ब्याऐंशीच्या सुमारास दादांनी ती घेतली तेव्हा मी सातवीत होते. ती आमच्या गावाच्या, धावड्याच्या वेशीबाहेर असतानाच तिचा आवाज घरी यायचा आणि आई चहाचं आधण ठेवायची. सकाळी चावी फिरवून इंजिनाचा हीटर तापेपर्यंत थांबावं लागायचं. बंद करायला मात्र चावी पुरत नसे. स्टेअरिंगखालचा एक दट्ट्या ओढून धरला की ती दोनदा अंग झाडून गप व्हायची. दादा म्हणायचे, "माणूस मरंल, ही मरायची न्हाई." सरकीच्या पोत्यांपासून बाळंतिणींपर्यंत सगळं तिनं वाहिलं आणि एकदाही रस्त्यात बसली नाही. अशा गाडीवर जीव जडतोच. माझाही जडला होता.

सुरुवातीला आई मागे आम्हा भावंडांत बसायची. मग एका संध्याकाळी ती आणि दादा भोकरदनहून परत आले ते गप्पच. गाडीचं डावं मडगार्ड आत चेपलं होतं. "वासरू आडवं आल्तं," एवढंच आई म्हणाली आणि बादली घेऊन स्वतः गाडी धुवायला लागली. तिनं गाडी धुतल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. दुसऱ्या दिवसापासून ती पुढच्या सीटवर बसायला लागली.

त्यानंतर दादा एकटे कुठं गेलेच नाहीत. जालन्याच्या मोंढ्यात माल घेऊन गेले तरी आई सोबत. आडते हसायचे, "मालक, वहिनींशिवाय गाडी चालू होत न्हाई वाटतं?" आणि बसल्यापासून उतरेपर्यंत आईचं तोंड चालू. "अहो, म्हशी आल्या. त्यो सायकलवाला बघा, कसा मधून चालून राह्यला. पूल आला हां. पोरी चालल्यात शाळेला." आम्ही मागे बसून तिची नक्कल करायचो, क्रिकेटची कॉमेंटरी म्हणून चिडवायचो. दादा मात्र कधी वैतागले नाहीत. एरवी भाजीत मीठ कमी पडलं तरी घर डोक्यावर घेणारा माणूस! मला तेव्हाच नवल वाटायला हवं होतं.

आई गेली ती आठ दिवसांच्या तापानं. दादांनी डिझेल शेडमध्ये लावली ती लावलीच. विचारलं की आधी म्हणाले, "बॅटरी उतरली." मग, "पंप खराब हाय." मग, "स्प्रिंगचे पाटे बसले." मी नोकरीमुळे बदनापूरला राहायचे आणि महिन्यातून एकदा धावड्याला जायचे. दर वेळी दादा थोडे आणखी खचलेले दिसायचे. डाव्या हाताशी ठेवलेला चहाचा पेला लवंडायचा. दारातून आत येताना खांदा चौकटीला लागायचा. मी म्हटलं, दुःख आहे, उतरेल हळूहळू. गाडी सुरू झाली की माणूसही सुरू होईल. किती शहाणी होते मी!

टेम्पोला बांधून ओढत गाडी जुन्या जालन्यातल्या एका गॅरेजात आणली. इंजिन उघडलं, रिंगा बदलल्या, पंप तपासून घेतला, पाटे नवे टाकले. इंजिन पहिल्यांदा धडधडलं त्या दिवशी मी भर गल्लीत रडले, हमाल बघत होते तरी. मग पत्र्याचं काम सुरू झालं, आणि तिथून माझी झोप उडाली.

पत्र्याचं काम करणारे चाचा सत्तरीचे होते. जुना रंग खरवडून झाल्यावर त्यांनी मला बोलावणं पाठवलं. "बाई, ह्ये बघा," म्हणत त्यांनी उजव्या दारावर हातोडी वाजवली. पत्रा खणखणीत वाजला. मग ते डावीकडे आले. तिथं मातीच्या भिंतीसारखा बद्द आवाज आला. पत्र्याचे खड्डे बुजवायला जो लेप लावतात, त्याचे थरावर थर होते. मडगार्डवर, पुढच्या दारावर, मागच्या दारावर. एका थरावरचा रंग दुसऱ्याशी जुळत नव्हता. प्रत्येक वेळी वेगळ्याच कुठल्या तरी गॅरेजात, गुपचूप भरून घेतलेलं.

"ह्ये एका टायमाचं न्हाई," चाचा म्हणाले. "बरसोंका हाय. उजवीकडं साधा ओरखडा न्हाई, आन् डावीकडं बघा." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारलं, "साहब कू इधर का दिखता नै क्या?"

माझ्या कानात म्हशी आल्या, पूल आला, सायकलवाला आला. बारा-तेरा वर्षं आई त्यांना रस्ता वाचून दाखवत होती. ती गेल्यावर दादांनी आपणहून गाडी बंद केली होती. बॅटरी, पंप, पाटे ही सगळी निमित्तं होती, आणि ती मी हौसेनं एकेक करून दुरुस्त करून दिली होती.

तेव्हाच बोलायला हवं होतं. पण बापाला "तुम्हाला दिसत नाही" म्हणायची हिंमत झाली नाही. आणि खरं सांगायचं तर मला पक्की खात्रीही हवी होती. वर्गातली सवय. एखादं पोर कॉपी करतंय असा संशय आला की मी काही बोलत नाही, नुसती बघत राहते.

गाडी न्यायला दादा बसनं आले. नवा पांढरा रंग उन्हात चमकत होता. त्यांनी उजव्या बाजूनं बॉनेटवर हात फिरवला, दट्ट्या एकदा ओढून पाहिला. डावीकडे गेलेच नाहीत. चावी हातात घेऊन बराच वेळ उभे राहिले.

"तू पुढं बसशील ना?" त्यांनी मला विचारलं.

"बसते की."

"पुढंच बस बरं का. मागं नको."

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी नजर चुकवली आणि पुढचं दार उघडून आईच्या जागी बसले.

भोकरदनच्या रस्त्याला लागलो. इंजिन गोड वाजत होतं. मी ओठ घट्ट मिटून घेतले. समोरून एक ट्रक आला. तो उजवीकडून, त्यांनी झकास काढून दिला. मग डाव्या कडेला एक म्हैस उभी होती. तिची शेपटी आमच्या दाराला घासून गेली. दादांचा चेहरा शांत होता. इतका शांत चेहरा आई गेल्यापासून मी पाहिला नव्हता. आता बोलते, आता बोलते असं करत मी आणखी एका खुणेसाठी थांबले.

पुढे शाळा सुटलेल्या मुली दिसल्या. डाव्या कडेनं, एकामागे एक, पाठीला दप्तरं. दादांनी वेग कमी केला नाही, गाडी मधेही घेतली नाही. सगळ्यात मागच्या मुलीची लाल रिबीन माझ्या खिडकीशी आली तेव्हा मी ओरडले.

"दादा, डावीकडं!"

त्यांनी ब्रेकवर पाय दाबला. दाराच्या मुठीत दप्तराचा पट्टा अडकला आणि पोरगी दोन पावलं फरफटली. पट्टा तुटला म्हणून वाचली. गुडघे सोलले होते, बाकी काही नाही. मी तिला उचललं, पदरानं रक्त पुसलं. तिच्या मैत्रिणी तिला घेऊन गेल्या तरी मी तिथंच उभी होते.

गाडीत परत आले तेव्हा दादा तसेच स्टेअरिंग धरून बसले होते. इंजिन चालूच होतं.

"कोण होतं?" त्यांनी विचारलं.

"शाळेतली पोरगी. खरचटलंय नुसतं."

त्यांनी दट्ट्या ओढला. गाडी दोनदा अंग झाडून गप झाली. त्यांनी चावी काढून माझ्या मांडीवर ठेवली. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

"तू गप बसल्तीस," ते म्हणाले. "मला वाटलं, रस्ता मोकळा हाय."