धावड्याच्या कापसात फुगलेला मेक्सिकन पाव

"तुझा ओव्हन घेऊन धावड्याला येशील का?" सचिननं फोनवर विचारलं, तेव्हा मला आधी तो चेष्टा करतोय असंच वाटलं.

सचिन माझा कॉलेजातला मित्र. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत मक्याच्या वाणांवर काम करतो. त्याच कामासाठी तो मेक्सिकोत राहिला, तिथे लुसियाशी लग्न केलं आणि तिला घेऊन परत आला. बाळंतपणापासून लुसिया भोकरदन तालुक्यातल्या धावड्याला, सासू-सासऱ्यांकडे आहे. उन्हाळ्यात तिची आई गेली. पोटात बाळ, दिवस भरत आलेले. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. अंत्यविधी तिनं फोनवर पाहिला.

"तेव्हापासून ती एकदाही रडलेली नाही," सचिन म्हणाला. "मला त्याचीच भीती वाटते."

नोव्हेंबरच्या सुरुवातीला मेक्सिकोत गेलेल्या माणसांच्या फोटोपुढे त्यांच्या आवडीचं खाणं मांडतात. लुसियाची आई दर रविवारी घरी कोन्चे करायची. कोन्चा म्हणजे शिंपला. गोड, मऊ, गोल पाव आणि त्यावर शिंपल्यासारख्या रेषा असलेलं साखरेचं कवच. लुसियाला आईसाठी तेच करायचं होतं. नाशिकला मी घरच्या घरी पाव-केक करते, हे या ब्लॉगच्या वाचकांना ठाऊक आहेच. ओव्हन खोक्यात घातला आणि निघाले.

नाशिकरोडहून जालन्याला थेट गाड्या आहेत. स्टेशन नवीन जालन्यात. बाहेर पडलं की रिक्षावाले एसटी स्टँडवर सोडतात. पण यीस्ट, लोणी, पिठीसाखर असलं काही हवं असेल तर ते इथेच घ्या, पुढे मिळेलच असं नाही. मला यीस्टच्या दोनच पुड्या मिळाल्या. भोकरदनच्या बसमध्ये कंडक्टरनं खोक्यावर टकटक केलं.

"ताई, टीव्ही हाय का?"

"ओव्हन आहे, नाशिकहून आणलाय. पाव भाजायचा."

"पाव? अन् तो भाजायला इतक्या लांबून येऊन राह्यल्या?" त्यानं खोकं स्वतःच्या सीटमागे नीट सरकवलं.

भोकरदनला पोटभर जेवून घ्यावं. पुढे काळीपिवळी जीप भरली की सुटते. पावसाळा संपल्यावर हा रस्ता फार देखणा असतो. दोन्ही बाजूंना फुटलेला कापूस, समोर अजिंठ्याच्या डोंगरांची निळी रेघ.

सचिनच्या घरी दार उघडताच कापूसच दिसला. वेचणी चालू होती, पुढची अख्खी खोली खिडकीपर्यंत पांढरी झालेली. पलीकडच्या खोलीत बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती, आणि खाली बाळाला मांडीवर घेऊन लुसिया. तिनं हसून "या ताई" म्हटलं. सचिनची आई, सगळे तिला माय म्हणतात, चहा घेऊन आली. आबा, म्हणजे सचिनचे वडील, अंगणात बसून होते. ते सुनेशी थेट बोलत नसत. राग नव्हता, पण काय बोलावं हेच त्यांना उमजत नसे. काही सांगायचं झालं तर सचिनला सांगत.

त्याच संध्याकाळी पहिला घाणा केला. मैदा, दूध, अंडी, लोणी, साखर, दालचिनी. लुसियाला मापं ठाऊक नव्हती. तिच्या आईनं तिला कधी एकटीला करूच दिलं नव्हतं. बाहेर गारठा वाढत होता. पीठ काही केल्या फुगेना. शेवटी पाव तसेच भाजले. निघाले ते दगड.

लुसियानं एक उचलून टेबलावर आपटला. टक्क आवाज आला.

"मला येत नाही," ती शांतपणे म्हणाली. "आईला येत होतं."

दुसऱ्याच दिवशी आईच्या फोटोपुढे कोन्चे मांडायचे होते. यीस्टची एकच पुडी उरली होती.

सकाळी कोमट दुधात यीस्ट फेसाळलं, पीठ मळून झालं. पण भिंती गार, फरशी गार. लुसिया पातेलं घेऊन उन्हाची जागा शोधत अंगणात आली आणि आबांसमोर थांबली. सचिन घरात नव्हता. आबांनी इकडंतिकडं पाहिलं आणि मग थेट तिलाच विचारलं.

"काय पाहिजे त्याला?"

"आबा, गरम पाहिजे. हळू हळू गरम."

आबा उठले. पातेलं तिच्या हातातून घेतलं, वर झाकण, त्यावर फडकं घट्ट बांधलं. कापसाच्या खोलीत गेले आणि कोपरापर्यंत हात घालून ढिगात खळगा करू लागले. दोनच दिवसांपूर्वी वेचलेला माल. मीही हात घातला. वर गार असलेला कापूस आत चक्क उबदार होता.

"अहो, सांडलं म्हंजे?" माय दारातून ओरडली. "सगळा माल चिकट होईल. व्यापारी हात लावनार न्हाई!"

"सांडलं तर सांडलं," आबा म्हणाले. "तिच्या मायसाठी करून राह्यली ती."

माय पदर खोचून आत आली आणि पातेल्यावर ओंजळीनं कापूस लोटू लागली.

आम्ही तिथेच उंबऱ्याशी बसून राहिलो. बऱ्याच वेळानं आबांनी कापूस बाजूला केला. बांधलेलं फडकं ताणलेलं होतं, झाकण वर उचललं गेलं होतं. लुसियानं गाठ सोडली आणि खालून पीठ वर आलं. गुळगुळीत, गोल, जिवंत. मी आजवर किती वेळा पीठ फुगताना पाहिलंय, पण तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. माय हळूच म्हणाली, "अगं बाई, श्वास घेतंय!"

मग लुसियाचे हात आपोआप चालू लागले. पिठाचे गोळे केले. पिठीसाखर, मैदा आणि लोण्याची मऊ चकती थापून प्रत्येकावर बसवली, सुरीनं शिंपल्याच्या रेषा ओढल्या, आणि पुन्हा फुगायला ठेवले. ओव्हनच्या काचेतून आम्ही सगळे वाकून बघत होतो. पाव वर येत गेले, तसं पांढरं कवच रेषांवर उमलत गेलं. दालचिनीचा वास गल्लीत गेला, तशा शेजारणी दारात आल्या.

संध्याकाळी मायनं परसातला झेंडू तोडून आणला. "आमच्याकडंही हेच फूल," लुसिया चकित होऊन म्हणाली. "याच दिवशी. हेच." तिच्या आईच्या फोटोपुढे झेंडू, मेणबत्ती आणि कोन्चे मांडले. मायनं हात जोडले. त्या मांडणीत तिला काहीच परकं वाटलं नाही.

लुसियानं वडिलांना व्हिडिओ कॉल लावला. तिकडे सकाळ होती. पाव पाहताच ते डोळे पुसू लागले. तेव्हा आबांनी हात पुढे करून फोन घेतला.

"पाव्हणं," ते मराठीतच म्हणाले, "पोरगी बराबर हाय. काळजी करू नका. बिलकुल तिच्या मायसारखंच केलंय तिनं."

पलीकडून त्या म्हाताऱ्यानं स्पॅनिशमध्ये काहीतरी लांबलचक सांगितलं. आबा मान डोलवत ऐकत राहिले. मधे कोणी भाषांतर केलं नाही. आणि लुसिया मायच्या खांद्यावर डोकं ठेवून रडली. मोठ्यानं, मोकळी होईपर्यंत. सचिन बाळाला घेऊन नुसता उभा होता.

परत येताना डबाभर कोन्चे बरोबर होते. ओव्हन मी तिथेच ठेवून आले.

नाशिकला नवा ओव्हन घेतल्यावर पुन्हा कोन्चे केले. रेषा नीट येतात आता, चवही जमली आहे. कृती विचारणाऱ्यांना सगळी मापं देते. पण हल्ली पीठ झाकून ठेवलं की मी दुसऱ्या कामाला लागत नाही, तिथेच स्टूल ओढून बसते.

"काय बघतेस एवढं?" परवा नवऱ्यानं विचारलं.

"फुगतंय," मी म्हटलं.

तोही शेजारी येऊन बसला.