तिच्या धोट्यातला दोरा

बायको गेली तेव्हा माझा सदरा मशीनवर होता. डावी बाही लागलेली, उजवी निम्म्यात, आणि सुई कापडात तशीच उभी. मी त्याला बरेच महिने हात लावला नाही. सेलूच्या जिनिंगात मी मुन्शी; दिवसभर सरकीच्या गोण्या मोजायच्या आणि दिवेलागणीला घरी येऊन त्या एका बाहीच्या सदऱ्याकडे बघत भाकरी थापायची. माझ्या भाकरीला कोपरे यायचे, ते वेगळं सांगत नाही.

ती होती तेव्हा गल्लीतल्या बाया चोळ्या शिवायला आमच्याकडे यायच्या आणि मला घरात बसायला जागा उरायची नाही. तेव्हा मी फार कुरकुर करायचो. आता जागाच जागा. एकट्या बाप्याच्या घरात चोळी घेऊन कोण येणार?

खंडेनवमीला जिनिंगात यंत्रांना हार घातले. घरी आलो तर मशीन तसंच. ती दरसाल त्याला हळदीकुंकवाचं एक बोट लावायची. मला वाटलं, यंदा आपण जरा मोठी पूजा करू. चुलीजवळचं करडईच्या तेलाचं भांडं उचललं आणि मशीनला जिथं जिथं भोक दिसलं तिथं तिथं ओतलं. नमस्कार केला. फार समाधान वाटलं.

दिवाळी तोंडावर आली तेव्हा ठरवलं, पाडव्याला हा सदरा अंगात घालायचा, आणि बाही तिच्याच दोऱ्यानं लावायची. खालच्या धोट्यात तिनं स्वतः भरलेला दोरा शिल्लक होता. दांडा धरून फिरवला. हलेना. जोर लावला तसा वरचा दोरा तटकन तुटला, मशीन जागचं हललं नाही. करडईचं तेल आत वाळून लाखेसारखं बसलं होतं.

बाजारात एक शिवणारे चाचा होते, त्यांच्याकडे गेलो. त्यांनी हकीकत ऐकली आणि चष्म्यावरून बघितलं.

"मुन्शीजी, मशीनला फोडणी दिली म्हणा की!"

"चाचा, हसू नका. इलाज सांगा."

"राकेल सोडा भोकांत. मुरू द्या. मंग हळूहळू मागंपुढं करा. न्हाईतर सदरा आना हिकडं, आत्ता बाही लावून देतो. लय झालं तर एक चिलीम वढंस्तोवर."

मी म्हटलं, दोरा माझा घालायचा. धोटा खिशात घालूनच गेलो होतो. चाचांनी तो तळहातावर घेतला. होडीच्या आकाराचा, आणि त्यात उदबत्तीच्या तुकड्यासारखी लांब बारीक बॉबिन. मग त्यांनी आपल्या मशीनखालून स्वतःची बॉबिन काढून शेजारी ठेवली. गोल, बत्ताशाएवढी.

"ही तुमची जुनी चाल. पाळण्यावानी हिकडून तिकडं झुलती. माझी जाग्यावरच अर्धा गिरका घेती. तुमची बॉबिन हितं बसायची न्हाई."

म्हणजे मशीन सुरू झालं नाही तर तिनं भरला तसा तो दोरा कुठंच चालणार नव्हता. मी चाचांचं मशीन बारकाईनं बघून घेतलं, पायानं दाबायच्या पायट्यापासून चाकाच्या पट्ट्यापर्यंत. त्यांनी सुईत दोरा उजवीकडून ओवला, तेही लक्षात ठेवलं. इतकी अक्कल गोळा करून मी ताठ मानेनं घरी आलो.

राकेलनं काम केलं. दुसऱ्या सकाळी दांडा फिरला आणि धोटा झुलायला लागला. तोच आवाज, खटक-खटक. समोरच्या घरची म्हातारी दारात आली, ऐकून उभी राहिली, आणि मी आहे असं दिसल्यावर आत निघून गेली.

मी दोरा ओवला, चाचांसारखा, उजवीकडून. शिवायला लागलो. टाका पडेना. चार इंच शिवावं तर वर नुसती भोकं आणि खाली गुंतवळ. गुंता कापायचा, खालचा दोरा वीतभर ओढायचा, पुन्हा सुरू. असं करता करता तिची बॉबिन निम्मी झाली तेव्हा माझा हात थांबला. मशीनला दोन शिव्या दिल्या. घरात मोठ्यानं बोललेले ते त्या आठवड्यातले पहिले शब्द असावेत.

मग आठवलं. मी बाजेवर बसलेला असायचो, मशीनच्या उजव्या अंगाला. दोरा ओवताना ती डावीकडे झुकायची, मान तिरपी करायची आणि एक डोळा मिटून थेट माझ्याकडे बघायची. लग्न झाल्यापासून माझी समजूत की बाई मला डोळा मारायली. मीही मिशीतल्या मिशीत हसून उत्तर द्यायचो. ती बिचारी सुईचं नेढं शोधत होती! या मशीनला दोरा डावीकडून लागत होता.

मी डावीकडे झुकलो. एक डोळा मिटला. सुईच्या पलीकडे बाज दिसली. वर घडी घातलेलं घोंगडं, आणि कुणी नाही.

दोरा गेला. टाका पडायला लागला, तिच्यासारखा सरळ नाही, पण टाका. खांद्यावरून वळून खाली आलो आणि काखेत चार बोटं राहिली असताना खालचा दोरा संपला.

पाडव्याला सदरा घालून बाजारात गेलो. चाचांना रामराम करायला हात वर केला आणि त्यांना सगळं दिसलं.

"अवो, काख उघडी हाय! काढा, दोन टाके मारतो."

"राहू द्या चाचा."

"राहू द्या काय? दोरा तर दोराच की!"

"तुमची बॉबिन गोल हाय," मी म्हटलं.

चाचांनी हातात घेतलेली सुई पुन्हा कापडात खोवली. तो सदरा विरेपर्यंत मी सगळ्यांना कोपर अंगाशी दाबूनच रामराम केला. जिनिंगात पुष्कळांची समजूत होती की मुन्शीजींचा उजवा खांदा दुखतो.