हालवरने मोजलेलं पाणी

उत्तरेकडच्या स्टोर्विका या खाडीकाठच्या गावात हालवर न्योसबद्दल दोन गोष्टी सगळ्यांना मान्य होत्या. एक, तो खोटं बोलत नाही. दोन, दुसरा कोणी खरं बोलू शकतो हे त्याला पटत नाही. पहिल्या गोष्टीमुळे गाव त्याला मान द्यायचं आणि दुसरीमुळे त्याच्या शेजारी बसायचं टाळायचं. पासष्टीचा, आखूड बांध्याचा गडी, हात मात्र अंगाच्या मानाने भलतेच मोठे. त्याची बायको गुनहिल्ड म्हणायची, मी हात बघून होकार दिला आणि याने तोंड उघडल्यावर पस्तावले. असं म्हणून ती त्याच्या ताटात गाभोळीचा मोठा तुकडा वाढायची, त्यामुळे पस्तावा कितपत खरा होता ते कळत नसे.

दर दुसऱ्या मंगळवारी हालवर होडी घेऊन बाहेरच्या खडकापलीकडे जायचा. चर्चचा मनोरा आणि जुन्या मासळी-वखारीचं धुराडं एका रेषेत आली की इंजिन बंद. मग तारेला अडकवलेला, दोन्ही तोंडं उघडी असलेला नळा दोनशे मीटर खाली सोडायचा. तारेवरून एक वजन सोडलं की ते खाली जाऊन झाकणं मिटतं, आणि त्या खोलीचं पाणी तेवढं नळ्यात सापडतं. दोनशेचं झालं की शंभराचं, मग पन्नासाचं, दहाचं आणि शेवटी वरचं. ते छोट्या बाटल्यांत भरायचं, वहीत लिहायचं, बाटल्या शहरातल्या संशोधन संस्थेकडे पाठवायच्या. चौतीस वर्षं हे चाललं होतं. मुलीच्या लग्नाचा दिवस मंगळवार निघाला तेव्हा त्याने आधी पाणी आणलं आणि मग कोट चढवला. एवढ्या वर्षांत त्याचा एकही आकडा कोणी खोडला नव्हता, आणि ही गोष्ट तो स्वतःहून कुणाला सांगत नसला तरी कुणी काढलीच तर थांबवतही नसे.

समुद्र कसा चालतो हे त्याला त्या आकड्यांनीच शिकवलं होतं. कोणी विचारलं तर तो गुनहिल्डच्या मेंढ्यांच्या गोठ्याकडे बोट दाखवायचा. म्हणायचा, हे खत बघ, तसंच तिथे. हिवाळ्यातली वादळं समुद्र घुसळून काढतात आणि खाली साचलेलं खत वर येतं, त्याला नायट्रेट म्हणतात. फेब्रुवारीत वरच्या पाण्यात ते भरपूर, पण उजेड नाही, तर खाणार कोण? मार्चअखेर सूर्य जरा चढला की डोळ्यांना न दिसणाऱ्या वनस्पती अशा माजतात की पाणी हिरवं होतं. तीन आठवड्यांत खत चाटूनपुसून साफ. मग त्यांना खाणारे बारीक जीव येतात. ते हगतात, त्यातून अमोनियम सुटतं, आणि उरलेल्या वनस्पती त्यावर उन्हाळा काढतात. मेलेलं खाली जातं, अंधारातले जंतू त्याचं परत नायट्रेट करतात, आणि पुढचा हिवाळा ते वर आणतो. म्हणजे हिवाळ्यात वरच्या पाण्यात अमोनियम जवळजवळ नसतंच. हे शेवटचं वाक्य तो दोनदा सांगायचा. आपणही ते लक्षात ठेवलेलं बरं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं.

अमोनियम मोजायला सुरुवात झाली ती पाच वर्षांपूर्वी, संस्थेत सिग्रून आली तेव्हा. तिशीची, हुशार, होडीत पाय घट्ट रोवून उभी राहणारी मुलगी. पहिल्याच दिवशी तिने हालवरच्या तोंडातली सिगारेट काढून पाण्यात टाकली. धुरात अमोनिया असतो, तो बाटलीत उतरतो, असं तिचं म्हणणं. चाळीस वर्षांची सवय त्याने त्या दिवशी सोडली. पहिलं वर्ष नखं खाऊन काढलं. दुसऱ्या शरद ऋतूपासून मात्र खिशात साल्मियाकची पुडी दिसू लागली, त्या काळ्या, खारट, वरून पूड लावलेल्या गोळ्यांची. आमच्याकडे त्या लहान मूलही खातं. हालवर बोटांना लागलेली पूड चाटायचा आणि मग बाटलीचं झाकण फिरवायचा. सिग्रूनने रबरी हातमोजे दिले होते, पण ते घालून झाकण लावणं म्हणजे मोजे घालून सुईत दोरा ओवणं, असं त्याचं मत होतं. सिग्रून होडीत असली की तिलाही एक गोळी मिळायची.

त्याच शरद ऋतूत यॉस्टाईनने खाडीत सामन माशांचे पिंजरे टाकले. यॉस्टाईन म्हणजे हालवरचा शेजारी, एकेकाळचा मासेमारीतला जोडीदार. हालवर त्याला म्हणाला होता, की हजारो मासे एका जागी कोंडलेस तर त्यांची घाण खाडी नासवेल. यॉस्टाईन म्हणाला होता, की तुला मासा फक्त उकडलेलाच कळतो. तेव्हापासून दोघांच्या घरांमधली वीस पावलं कोणी चाललं नव्हतं.

आणि आता आकडे बोलायला लागले. चार हिवाळे लागोपाठ अमोनियम चढलेलं. जानेवारीत, फेब्रुवारीत, जिथे काहीच नको तिथे भरपूर. सिग्रूनने पिंजऱ्यांकडे बोट दाखवलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात ग्रामसभागृहात बैठक ठरली, तिथे ती आकडे मांडणार आणि पिंजरे हलवायचे का ते ठरणार. हालवर त्या दिवसांत शीळ घालत फिरायचा. गुनहिल्ड म्हणाली, बरोबर ठरल्याचा एवढा आनंद चांगला नाही. तिच्याकडे त्याने लक्ष दिलं नाही.

बैठकीच्या नऊ दिवस आधी दवाखान्यातल्या परिचारिकेने त्याचा रक्तदाब मोजला, परत मोजला आणि विचारलं की खाण्यात ज्येष्ठमध आहे का, त्याने दाब चढतो. हालवर म्हणाला, मी काय औषधी झाडपाला खातो का? घरी आल्यावर गुनहिल्डने त्याच्या खिशातून पुडी काढली, चष्मा लावला आणि मागची बारीक अक्षरं वाचायला घेतली.

“साखर. पीठ. हे बघ, ज्येष्ठमध. मीठ. अमोनियम क्लोराइड.”

हालवरने कप खाली ठेवला. “शेवटचं परत वाच.”

तिने परत वाचलं. म्हणजे आपला नवसागर. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. चार वर्षं ज्याचा माग सगळ्या खाडीत काढला ते त्याच्या छातीवरच्या खिशात होतं.

त्या दिवशी तो जेवला नाही. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त राग आला, यॉस्टाईनचा, कारण आता तो मोकळा सुटणार होता. पुडीचं हे फक्त नवरा-बायकोला माहीत होतं. गुनहिल्ड काही बोलणार नव्हती. तिने पुडी चुलीत टाकली आणि मेंढ्यांकडे गेली. गप्प राहिलं तर आठवड्याने पिंजरे हलले असते. बोललं तर चौतीस वर्षांची वही उघडून लोक विचारणार, यातलं आणखी काय काय याच्या बोटांचं?

दुसऱ्या दिवशी मंगळवार नव्हता, तरी तो गेला. दर खोलीचं पाणी दोनदा घेतलं. एकदा दुकानातून आणलेल्या नव्या पुडीची पूड बोटांना लावून, नेहमीसारखं. एकदा हात धुऊन, हातमोजे घालून, तोंड बंद ठेवून. दोन्ही खोकी घेऊन फेरीबोटीने स्वतः शहरात गेला आणि सिग्रूनच्या टेबलावर ठेवली. दुपारपर्यंत यंत्राने सांगितलं. एका खोक्यात नेहमीचे फुगलेले आकडे, दुसऱ्यात जवळजवळ काही नाही.

सिग्रूनने फुगलेल्या आकड्यांवर बोट ठेवलं. तिचा चार वर्षांचा अभ्यास त्यावर उभा होता.

“तुझ्या त्या गोळ्या मीही खाल्ल्यात,” ती म्हणाली. “तुझ्याच होडीत. आणि सिगारेट मी काढून घेतली होती.”

“तुझी चूक नाही. हातमोजे तू दिले होतेस.”

“तुझ्या नायट्रेटच्या आकड्यांना याने धक्का लागत नाही. पण लोक तेवढं ऐकून घेतील का, माहीत नाही. मी सांगू का बैठकीत?”

“मीच सांगतो,” हालवर म्हणाला. “तू सांगितलंस तर ते म्हणतील, म्हाताऱ्याला पाठीशी घालते.”

सभागृहात त्या दिवशी वाफल आणि कॉफीचा वास होता आणि एकही खुर्ची रिकामी नव्हती. यॉस्टाईन पहिल्या रांगेत, इस्त्रीच्या सदऱ्यात, फाशी जाणाऱ्या माणसासारखा बसला होता. सिग्रून उठायच्या आत हालवर उठला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका दाखवलेल्या माणसाला स्वतःची सांगताना शब्द सापडेनात. मग त्याने वही उघडली आणि तारीखवार वाचलं: कोणत्या दिवसापासून गोळी, कोणत्या दिवसापर्यंत, किती मंगळवार. अमोनियमचे ते सगळे आकडे त्याने सगळ्यांसमोर पेन्सिलीने खोडले. एक कोपरा हसायला लागला, मग सगळं सभागृह. हालवर लाल झाला, पण खाली बसला नाही.

“पिंजरे वाईट आहेत असं मला अजून वाटतं,” तो म्हणाला. “पण ते मी मोजलेलं नाही. मोजलेली आहे ती माझी बोटं.”

हसणं थांबलं तेव्हा यॉस्टाईन उठला. लोकांना वाटलं आता हा उट्टं काढणार. त्याने टोपी हातात फिरवली आणि अध्यक्षांना सांगितलं, की माझ्या पिंजऱ्यांपाशीही पाणी मोजलं जावं, पाणी हिरवं व्हायच्या आत, आणि ते याने मोजावं. दुसऱ्या कुणाला मी पिंजऱ्यांजवळ येऊ देणार नाही.

तसं झालं. मार्चमध्ये तीनदा दोघं एकाच होडीतून गेले. हालवर हातमोजे घालून झाकणं लावायचा आणि शिव्या द्यायचा, यॉस्टाईन खोकं धरायचा. बोलणं जेमतेम दोर, वारा आणि झाकणांपुरतं. पण तिसऱ्या वेळी गुनहिल्डने डबा दोघांपुरता दिला, आणि तो रिकामा परत आला.

ईस्टरच्या आठवड्यात, पाणी हिरवं व्हायला लागलं तेव्हा, सिग्रूनचा कागद आला. बाहेरच्या खडकापाशी काही नाही. बाहेरच्या पिंजऱ्यांपाशी किंचित. आतल्या बाजूच्या दोन पिंजऱ्यांपाशी मात्र, जिथे पाणी फिरत नाही, अमोनियम भरपूर.

कागद घेऊन हालवर ती वीस पावलं चालला. आपण शेवटी बरोबर ठरलो याचा आनंद होईल असं त्याला वाटलं होतं. झाला नाही. त्याने दार वाजवलं. यॉस्टाईनने स्वयंपाकघरात उभ्या उभ्या कागद वाचला, घडी घालून फळीवर ठेवला, आणि खिडकीतून खाडीकडे बघत म्हणाला, की आतले दोन उद्या ओढून बाहेर नेऊ, तुझी होडी लागेल.

“एकदा दुसऱ्या कुणाकडून मोजून घे,” हालवर म्हणाला. “एवढं मोठं काम आहे. मी चुकलेला माणूस आहे.”

“तू लिहिलंयस ना,” यॉस्टाईन म्हणाला, आणि बूट चढवायला खाली वाकला.